ख्मेर लग्नात ताट धरायला बोलावलंय, कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं?

ताकेओची पाहुणी:
जय ख्रिस्त मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही चौघं, मी, हे, आठ वर्षांची लेक आणि चार वर्षांचा मुलगा, कंबोडियात ताकेओ प्रांतातल्या एका गावात राहतो, मिशनच्या कामासाठी येऊन अकरा महिने झालेत. हे मुलांना कॉम्प्युटर आणि इंग्लिश शिकवतात, मी अजून ख्मेरच शिकतेय, बाजारात भाव विचारण्याइतकी येते, सांगितलेला भाव कळण्याइतकी येत नाही.

शेजारी एक मिङ राहतात, मिङ म्हणजे मावशी म्हणा. खांबांवर उभं लाकडी घर आणि घराखाली त्यांचा माग. आम्ही आलो त्याच आठवड्यात मुलाला ताप चढला तेव्हा ह्याच बाईने रात्री मोटोवर मागे बसवून आम्हाला दवाखान्यात नेलं, एकमेकींचं एक अक्षर कळत नसताना. तर त्यांच्या मुलीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. किती दिवस संध्याकाळी मागाची खटखट ऐकू यायची, मला वाटायचं विकायचं कापड असेल, आता कळलं की लेकीचं होल विणत होत्या. होल म्हणजे साधारण आपल्या पटोळ्याच्या जातीचं, रेशीम आधी बांधून बांधून रंगवायचं आणि मग विणायचं.

पत्रिका दोन्ही हातांनी दिली आणि आत एक कोरं पाकीट. मला वाटलं चुकून राहिलं, परत द्यायला गेले तर अख्खं घर हसायला लागलं, त्यांचा नातू तर लोळलाच. मग कळलं की ते आहेराचं, पैसे भरून आपणच न्यायचं. इथवर ठीक होतं. पण मिङ म्हणाल्या नुसतं संध्याकाळी जेवायला नाही यायचं, सकाळी ताटं घेऊन चालायला तुम्ही दोघं हवेत, आणि नंतर मेणबत्ती फिरवतात त्या गोलातही बसायचं, तिथे लग्न झालेली जोडपीच लागतात आणि तुम्ही दोघं कधी भांडत नाही. (आम्ही मराठीत भांडतो हो, त्यांना कळत नाही इतकंच.)

आता प्रश्न. पाकिटात किती घालायचे? साडी चालेल का? बिअरचं काय करायचं, आम्ही घेत नाही. आणि खरा प्रश्न हा की भिक्खू येणार, पूर्वजांना जेवण दाखवणार, उदबत्त्या लावणार, तिथे आम्ही काय करायचं? गावातल्या आमच्या मंडळीत तीनच कुटुंबं आहेत, तिन्ही नवीन विश्वासी, ते आमच्याकडे बघणार. आणि तिकडून आम्हाला पाठवणारी मंडळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघणार. हे म्हणतात जेवायला जाऊ आणि येऊ. मला ते बरोबर वाटत नाहीये, त्या बाईने ताप आलेल्या पोराला मांडीवर घेतलं होतं आणि आम्ही फक्त जेवून यायचं?

मेकाँगकाठ:
ताई, आम्ही नवराबायको चौदा वर्षं काम्पोंग चाममध्ये आहोत, लग्नं मोजायची सोडून दिली. आधी एक सांगतो, ताट धरायला बोलावणं आणि जेवायला बोलावणं ह्यात फार फरक आहे. जेवायला सगळं गाव येतं, ऑफिसातले येतात, कुणाच्या तरी ओळखीचे येतात. ताट धरणारी माणसं घरची. तेव्हा त्या बाईंनी तुम्हाला कुठे बसवलंय ते आधी नीट समजून घ्या आणि मग नाही म्हणायचं तर म्हणा.

ते कसं असतं सांगतो. नवरीच्या घरापासून जरा लांब, रस्त्यावर, सकाळी साडेसहा-सातला सगळे गोळा होतात. पुढे नवरदेव, आईवडील, आचार म्हणजे विधी सांगणारे जाणते गृहस्थ, आणि मागे दोन रांगा, प्रत्येकाच्या हातात एक ताट. फळं, केळीच्या पानात बांधलेला चिकट तांदळाचा न्यूम आनसॉम, मिठाया, डुकराची तंगडी, डबे, सगळं लाल-पिवळ्या चकचकीत कागदात बांधलेलं, आणि सगळं जोडीने, म्हणजे डाव्या रांगेत अननस तर बरोबर समोर उजव्या रांगेतही अननस. खरं तर ही नवऱ्याकडची वरात, पण मुलाकडचे लांबून येतात आणि माणसं कमी पडतात, मग मुलीकडचे शेजारीपाजारीच जाऊन रांग भरतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. दारात दोन्ही बाजूंना घडासकट केळीचे खांब बांधलेले दिसतील, ते बघून तुम्हाला एकदम गलबलून येईल, आम्हाला आलं होतं. ताटं आत नेऊन ओळीने मांडली की ती मोजतात, गंमतीगंमतीत घासाघीस होते, आणि मग सगळ्यांना बॉबॉर, म्हणजे गरम गरम तांदळाची पेज. ती सोडू नका.

ह्यात पूजा कुठे नाही. ताट खुशाल धरा.

नवरानवरीचे केस कापण्याचा विधी पण बघा, मुलांना घेऊन बसा. खरे केस कापत नाहीत, कात्री हवेत चालवतात आणि अत्तर फवारतात, गाणारा आणि गाणारी दोघं मिळून टिंगल करत असतात, आईवडील झाले, नातेवाईक झाले की मित्रमंडळींना बोलावतात. मागचं सगळं धुऊन टाकून दोघांनी कोरं होऊन सुरुवात करायची असा भाव आहे. आमच्या इथली ख्रिस्ती ख्मेर लग्नं होतात त्यातही हा विधी ठेवलाय, मधे प्रार्थना घातलीय इतकंच.

भिक्खूंचं सूत्रपठण आणि पूर्वजांना जेवण दाखवणं हे मात्र सरळ सरळ धार्मिक आहे, तिथे तुमचा प्रश्न खरा आहे. आम्ही काय करतो तर मागे बसतो, पाय एका बाजूला दुमडून, तळवे भिक्खूंकडे होणार नाहीत असे, हात मांडीवर, गप्प. उदबत्ती हातात घेत नाही. कुणी आजवर जबरदस्ती केलेली नाही. पण हे आधी सांगून ठेवा, ऐनवेळी नको. आमच्या पहिल्या लग्नात आम्ही काय केलं माहितीय, पठण सुरू झालं तसे दोघं उठलो, मुलांना बखोटीला धरलं आणि सगळ्यांच्या देखत बाहेर. आम्हाला वाटलं आपल्या विश्वासाची केवढी साक्ष दिली. मुलीच्या वडिलांना वाटलं आम्हाला जेवणात काहीतरी वाईट लागलं. पुढे सहा महिने ते भेटले की विचारायचे आता पोट कसं आहे. साक्ष गेली पोटात.

मेणबत्तीचं, म्हणजे पोपिलचं, काय करावं ते मी सांगणार नाही. पानाच्या आकाराचं धातूचं असतं, त्याला मेणबत्ती लावलेली, जोडपी गोल बसतात, मधे नवरानवरी, आणि ते हातोहात सात वेळा फिरतं, प्रत्येकाने धूर हाताने त्या दोघांकडे ढकलायचा. मूळ ब्राह्मणी आहे, पान म्हणजे योनी आणि मेणबत्ती म्हणजे लिंग असा अर्थ सांगतात, शिवपार्वतीपर्यंत जातं. आमचे ख्मेर पाळक त्या गोलात बसतात, त्यांना तो आशीर्वादच वाटतो. शेजारच्या गावचे पाळक बसत नाहीत. दोघं एकाच टेबलावर जेवतात. तुमच्या मंडळीतल्या त्या तीन कुटुंबांना विचारा ना, आम्हाला कशाला विचारता. त्यांचा देश आहे.

सुईदोरा:
मी चर्चवाला नाही, नॉम पेन्हजवळ गारमेंट फॅक्टरीत क्वालिटीला आहे, सहा वर्षं झाली, आमच्या लाईनमधल्या मुलींची लग्नं भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला की सुरू होतात ती एप्रिलच्या ख्मेर नववर्षापर्यंत चालूच, त्यामुळे पाकिटाचं मला विचारा. पार पगार जातो. गावात जोडप्याचे वीस डॉलर ठीक, तुम्ही ताट धरताय म्हणजे जवळचे, तीस करा, जमलं तर पन्नास. शहरात हॉलमध्ये असेल तर वीसच्या खाली माणशी जाऊ नका, टेबलाचा खर्चच निघत नाही. रिएलमध्ये दिले तरी चालतं, डॉलरला चार हजारांच्या आसपास धरा. हल्ली तर पत्रिकेवरच केएचक्यूआरचा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायचा कोड छापतात, फोन काढा आणि मारा. पण तुम्ही पाकीटच द्या, वर नाव लिहा, वहीत नोंद होते, तुमच्याकडे कार्य निघालं की तेवढंच परत येतं. ह्या आहेराला चाँग दाय म्हणतात, शब्दाचा अर्थ हात बांधणं, कारण मुळात मनगटाला दोरा बांधताना पैसे हातात द्यायचे.

नोट कोरी हवी. परत सांगतो, कोरी. डॉलरच्या नोटेला जरा चीर गेली, कोपरा फाटला की इथे भाजीवालीसुद्धा घेत नाही. मी एकदा घाईत टेप लावलेली वीसची नोट घातली, सोमवारी नवरीने हसत हसत परत आणून दिली, सगळ्या लाईनसमोर.

संध्याकाळचं जेवण म्हणजे गोल टेबल, दहा खुर्च्या, आणि दहा भरल्याशिवाय वाढत नाहीत, त्यामुळे एकटे लवकर जाऊन बसलात तर अनोळखी टेबल भरायची वाट बघत पोट धरून बसाल. मुलांना आधी काहीतरी खायला घाला. थंड पदार्थांचं ताट येतं, मग कोंबडी किंवा बदक, मासा, सूप, शेवटी फ्राईड राईस. ख्मेरमध्ये लग्नाला जायचं असं म्हणतच नाहीत, लग्न खायचं म्हणतात, सी का.

बिअरचं टेन्शन नको. ग्लासात बर्फ आणि कोक. दर दोन मिनिटांनी कुणीतरी चोल मुय, म्हणजे चिअर्स, करणार, उठायचं, ग्लास लावायचा, समोरचा वयाने मोठा असेल तर आपला ग्लास त्याच्या ग्लासापेक्षा खाली धरायचा. आत काय आहे ते कुणी बघत नाही. रिकामे कॅन टेबलाखाली टाकतात आणि शेजारची पोरं गोळा करत फिरतात, तुमचा चार वर्षांचा त्यात सामील होणार हे आत्ताच सांगतो. नंतर फळांच्या टेबलाभोवती गोल फिरत नाच, रोमवाँग, हात वळवत हळूहळू, ते कुणालाही जमतं. मॅडिसन नावाचा रांगेतला नाच लागला की मात्र बाजूला व्हा, त्यांची स्टेप ठरलेली असते, मी एकदा आख्ख्या रांगेला उलटा गेलोय.

आणि साडी नेसा, फक्त पांढरी नको आणि काळी नको, तो सुतकाचा रंग.

प्रकाशवाट:
ताई, मी स्पष्ट लिहितो, राग मानू नये. ज्या ठिकाणी मृतांना अन्न दाखवलं जातं आणि धूप जाळला जातो तिथे प्रभूच्या सेवकाने बसणं हेच चुकीचं आहे, मागे बसलं काय आणि पुढे बसलं काय. करिंथकरांस पहिलं पत्र, दहावा अध्याय वाचा, प्रभूचं मेज आणि भुतांचं मेज ह्या दोन मेजांचं काय लिहिलंय ते. नवीन विश्वासी तुम्हाला बघून म्हणतील मग आम्ही तरी कशाला सोडलं. पाकीट घरी नेऊन द्या, त्या बाईंसाठी प्रार्थना करा, झालं.

मेकाँगकाठ:
प्रकाशवाट दादा, तोच अध्याय थोडा खाली वाचा. अविश्वासी माणसाने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, समोर येईल ते न विचारता खा, पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे तर त्या सांगणाऱ्याच्या भल्यासाठी नका खाऊ. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाला लग्नघरं माहीत होती असं मला तरी वाटतं. आणि नवीन विश्वाशांचं म्हणाल तर त्या तीन कुटुंबांचे आईबाप, भाऊ, मामा सगळे बौद्ध आहेत, बौद्ध धर्म इथे राज्यघटनेनेच राजधर्म आहे, ते लोक लग्नं टाळायला लागले तर त्यांना घरच राहणार नाही. त्यांना बघायचंय की जाऊन बसता येतं का आणि कसं. ते आपण घरी बसून कसं दाखवणार?

ताकेओची पाहुणी:
दोघांचंही वाचलं, ह्यांनाही वाचून दाखवलं. ह्यांनी अरामी सेनापती नामानाची गोष्ट काढली, दुसरं राजे, पाचवा अध्याय, तो म्हणतो ना राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागेल, त्याची क्षमा असो, आणि अलीशा संदेष्टा त्याला म्हणतो शांतीने जा. एवढंच. आम्ही रात्री अकरापर्यंत ह्यावर बोलत बसलो, म्हणजे मराठीत भांडलो, मिङना वाटलं असेल प्रार्थना चाललीय.

मंडळीतल्या एका ताईंना विचारलं, त्या म्हणाल्या उदबत्ती घेऊ नका, बाकी आम्हीपण येतोय, मी चौथ्या ताटाला आहे. म्हणजे त्यांचं आधीच ठरलंय! आम्हीच विचार करत बसलोय.

एक विचारायचंय, स्पीकर खरंच पहाटे चारला सुरू होतात का? आणि तीन दिवस चालणार का?

बट्टामबांगवाली:
स्पीकर चारलाच सुरू होतात, कधी त्याच्याही आधी. पूर्वी तीन दिवस तीन रात्री असायचं, आता बहुतेक ठिकाणी एक किंवा दीड दिवसात उरकतात, पण आवाज तीन दिवसांचा एकाच दिवसात काढतात.

मी आवाजावरून एक सांगते, विषय जरा बाजूला जाईल. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी फार वैतागायचे, कानात कापूस घालून झोपायचे. आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहतो त्या याय, म्हणजे आजी, त्यांच्याजवळ एकदा कुरकुरले की एवढं मोठ्याने कशाला. त्या सुपारी कातरत होत्या, कातरता कातरता सांगितलं, माझ्या लग्नात काहीच वाजलं नाही. ख्मेर रूज ह्या क्रूर कम्युनिस्ट राजवटीच्या काळातलं लग्न त्यांचं, १९७७ चं. संध्याकाळी शेतावरून बोलावून नेलं, बरीच जोडपी समोरासमोर उभी केली, काळे कपडे, नाव घेतलं की पुढे जाऊन हात धरायचा आणि अंगकाराला वचन द्यायचं, अंगकार म्हणजे त्यांची ती संघटना. आई नाही, वडील नाहीत, आचार नाही, दोरा नाही. नवऱ्याचा चेहरा त्यांनी नीट दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिला. असं हजारोंचं झालं, पुढे २०१८ साली इथल्या विशेष न्यायालयाने नुओन चिया आणि खिऊ साम्पान ह्या त्या राजवटीतल्या दोन नेत्यांना ज्या गुन्ह्यांबद्दल दोषी ठरवलं त्यात ही सक्तीची लग्नंही होती. आजींनी स्वतःच्या तिन्ही मुलींची लग्नं कर्ज काढून केली, स्पीकर शेजारच्या गावात ऐकू जाईल असा लावा म्हणून सांगून. मी कापूस काढून टाकला.

तेव्हा ताई, तुमच्या मिङ वयाने कितीच्या आहेत माहीत नाही, पण त्यांच्या आईचं लग्न कधी झालं ते विचारा, म्हणजे लेकीचं होल स्वतः विणायचं का त्यांच्या मनात आलं ते कळेल.

आणि हो, दोरा बांधायला नक्की थांबा. लाल दोरा, नवरानवरीच्या मनगटाला बांधायचा आणि तोंडाने आशीर्वाद द्यायचा, आचार म्हणतात ते त्यांचं, तुम्ही तुमचं बोला. शेवटी सुपारीची फुलं उधळतात, त्यांना प्का स्ला म्हणतात, आपली पोफळच, तुरा असाच्या असा. त्याचे तीन जुडगे बांधलेले असतात, एक आईचा, एक वडिलांचा, एक भावंडांचा, मुलीला वाढवलं त्याबद्दल. मग नवरी खोलीकडे निघते आणि नवरदेव तिच्या शेल्याचं टोक धरून मागे मागे जातो. गोष्ट अशी आहे की प्रेआ थाँग नावाचा राजपुत्र बाहेरून आला, भारतातूनच आला म्हणतात, आणि नागराजाच्या मुलीशी, नेआंग नेआकशी लग्न केलं, तिचा शेला धरून तो पाण्याखालच्या राज्यात गेला आणि सासऱ्याने पाणी पिऊन टाकून जावयाला जमीन काढून दिली, तोच हा देश. घरजावयाचीच गोष्ट आहे, अजूनही बरेच जावई आधी सासरी जाऊन राहतात. आणि पैसे देतो तोही मुलगाच, त्याला आईच्या दुधाची किंमत म्हणतात. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या ह्यांच्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

सुईदोरा:
आज्जींचं वाचून गप्प झालो. पुढच्या वेळी स्पीकरला शिव्या घालणार नाही. प्रयत्न करेन.

ताकेओची पाहुणी:
झालं लग्न, परवा. सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून सांगायला आलेय.

आठवडाभर आधी मी मागाजवळ जाऊन बसले आणि मोडक्यातोडक्या ख्मेरमध्ये सांगितलं, आम्ही उदबत्ती घेणार नाही, पूर्वजांच्या जेवणाला हात जोडणार नाही, बाकी जे सांगाल ते करू. पाठ करून गेले होते, तरी अर्ध्यात अडकले. मिङनी धोटा थांबवला नाही, नुसतं हं म्हणाल्या. मग म्हणाल्या, तेव्हा तू स्वयंपाकात ये, पेज वाढायला माणूस कमी आहे. बस, एवढंच. मी एक महिना झोपले नव्हते ह्या वाक्यासाठी. पोपिलच्या गोलात आम्ही बसलो नाही, ह्यांचं मन होईना आणि एकट्या बाईला तिथे जागा नसते. आमच्या जागी मिङनी त्यांच्या चुलत दिराला आणि जावेला बसवलं, जे दोघं भांडतात तेव्हा आख्ख्या गावाला ऐकू जातं, आणि मेणबत्ती त्यांच्याकडे गेली की सगळे ओरडायचे जपून जपून. मी मागून बघत होते, वाईट वाटलं थोडं, खोटं कशाला बोलू.

पहाटे साडेतीनला मेकअपवाल्या बाईने मला खुर्चीत बसवलं आणि खोट्या पापण्या चिकटवल्या, नको नको म्हणेपर्यंत एक डोळा झाला होता मग दुसरा ठेवून कसं चालेल. साडी राहिलीच, मिङनी साम्पॉत, म्हणजे इथलं कमरेला गुंडाळायचं वस्त्र, आणि लेसचा ब्लाऊज भाड्याने आणून ठेवलेला, माझ्या मापाचा, कधी माप घेतलं देव जाणे. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि रडली, आई कुठेय म्हणून.

आणि ताट. मेकाँगकाठ दादा, तुम्ही जोडीने असतं म्हणालात तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. रांगेत मी डावीकडे, हे उजवीकडे, बरोबर समोरासमोर, आणि वाटप करणाऱ्या काकांनी दोघांच्या हातात दिलं बिअरच्या कॅनचं ताट. लाल कागदात बांधलेला, वर फुल लावलेला मनोरा. बदलायला वळले तोवर ढोल सुरू झाला आणि रांग चालायला लागली. चौथ्या ताटावरच्या आमच्या मंडळीतल्या ताई मागे वळून बघतायत आणि हसू दाबतायत, त्यांच्या हातात संत्री. आम्ही दोघं मिशनरी सरळ समोर बघत, गंभीर चेहऱ्याने, गावाच्या मधोमध, हातात बारा बारा बिअर. फोटो मिङच्या पुतण्याने काढला आणि फेसबुकवर टाकून ह्यांना टॅग केलं. तिकडून पाठवणाऱ्या मंडळीतल्या एका काकांचा मेसेज आला, फळं छान दिसतायत. त्यांना चष्मा लागतो.

दोरा बांधताना आम्ही दोघं गुडघ्यावर पुढे सरकत गेलो, ह्यांनी आचारांना विचारलं आम्ही आमच्या देवाकडे मागितलं तर चालेल का. ते म्हणाले चालेल, आणि माईक ह्यांच्या तोंडासमोर धरला. ह्यांनी हळू आवाजात मनातल्या मनात करायची ठरवलेली प्रार्थना चार मोठ्या स्पीकरवरून गेली, तुटक्या ख्मेरमध्ये, चारच वाक्यं, ह्या दोघांना घर दे, पोरं दे, भांडण थोडं दे, आणि येशूच्या नावाने आमेन. भांडण थोडं दे वर तो चुलत दीर जोरात आमेन म्हणाला. तो कशाला म्हणाला असेल ते गावाला कळलं.

बट्टामबांगवाली ताई, मी विचारलं. मिङच्या आईचं लग्न १९७८ चं. मिङ म्हणाल्या, आईजवळ लग्नातलं कापड म्हणून काही नव्हतं, म्हणून लेकीचं मी घरात विणलं, बाजारातून आणलं नाही. एवढं बोलून त्या कॅन गोळा करणाऱ्या माझ्या मुलावर ओरडायला गेल्या, सुईदोरा दादा तुमचं खरं झालं, त्याने बेचाळीस कॅन जमवलेत आणि द्यायला तयार नाहीये.

पाकिटात तीस घातले, कोरे.

एक बारीकसं विचारायचं राहिलं. मिङच्या आईने संध्याकाळी आमच्या दोन्ही मुलांच्या मनगटाला पण उरलेला लाल दोरा बांधला, तीन दिवस ठेवा म्हणाल्या. लेकीच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला त्याचा रंग लागलाय आणि साबणाने जात नाहीये. काय लावू?

बट्टामबांगवाली:
लिंबू चोळून उन्हात टाक. आणि तीन दिवस झाले की दोरा कापू नकोस, गाठ सोड. आजी बघत असतील.